पहाटे पाचची पट्टी: शिकाऊ डॉक्टरांच्या ईसीजी वाचनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घडले. रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालय ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ईसीजीच्या कागदी पट्ट्यांवर दिसलेले बदल आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रस्तुत लेखक त्या वेळी मेडिसिन विभागात शिकवत होता आणि प्रकरणाची नंतरची छाननी त्याच्याकडे होती, त्यामुळे या लिखाणात त्याची मते येणे अपरिहार्य आहे.

महिना जानेवारीचा होता. रात्रपाळीला अपघात विभागात एक वैद्यकीय अधिकारी, एक इंटर्न आणि दोन सिस्टर होत्या. मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर वरच्या मजल्यावर आयसीयूत होता. वैद्यकीय अधिकारी रात्रभर एका मोटारसायकल अपघाताच्या पोलीस कागदपत्रांत अडकले होते. इंटर्नचा मेडिसिनच्या पोस्टिंगमधला तो तिसरा आठवडा होता. ती हुशार विद्यार्थिनी होती आणि अंतिम परीक्षेत तिला ईसीजीच्या प्रश्नात पूर्ण गुण होते. हे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे, की परीक्षेत दिली जाणारी पट्टी बहुधा हृदयविकाराच्या झटक्याची ठसठशीत, पुस्तकात छापावी अशी असते आणि ती ओळखता आली म्हणजे ईसीजी वाचता येतो अशी समजूत विद्यार्थ्याची होते, परीक्षकाचीही होते.

पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी तासगाव तालुक्यातील ५२ वर्षांच्या एका द्राक्ष बागायतदाराला मुलाने आणले. रात्री अडीचपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ आणि दरदरून घाम. मुलाचे म्हणणे होते, "पित्तच हाय डॉक्टर, आप्पांना नेहमी हुतंय. काल दिवसभर फवारणीवर हुते, जेवण पण धड न्हाई." नाडी मिनिटाला ५२, रक्तदाब १०८/७०.

पहिली पट्टी

फवारणी हा शब्द ऐकताच इंटर्नच्या मनात पहिली शंका आली ती कीटकनाशकाच्या विषबाधेची. या भागात ती शंका येणे योग्यच आहे. घाम आणि मंद नाडी ही जोडी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत दिसू शकते. तिने बाहुल्या तपासल्या, त्या आकुंचित नव्हत्या. तोंडाला लाळ नव्हती, छातीत घरघर नव्हती, कपड्यांना वास नव्हता. विषबाधा नाही हा तिचा निष्कर्ष बरोबर होता. पण एक मोठी शंका फिटल्याच्या हायशात दुसऱ्या शंकेकडे पाहणारी नजर सैल पडली, असे तिनेच नंतर प्रांजळपणे लिहून दिले.

ईसीजी ५ वाजून ५ मिनिटांनी निघाला. छातीतली किंवा तिच्यासारखी वेदना घेऊन आलेल्या रुग्णाचा पहिला ईसीजी १० मिनिटांत निघावा असा संकेत आहे. येथे १५ मिनिटे लागली, कारण कागदाचा रोल अडकला होता आणि छातीवरचा घाम पुसून बल्ब (ईसीजीच्या वायरींची छातीला चिकटणारी टोके) पुनःपुन्हा बसवावे लागत होते. पट्टीच्या माथ्यावर यंत्राने स्वतःचे निदान इंग्रजीत छापले होते, त्याचा मराठीत अर्थ असा: हृदयाची गती मंद, एसटी आणि टीमध्ये विशेष अर्थ नसलेले बदल.

ती पट्टी आजही माझ्यासमोर आहे आणि ती सोपी नाही. लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक कोनातून पाहणारी नोंद. लीड ३ मध्ये एसटी खंड, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरची रेघ, जेमतेम अर्धा चौकोन वर उचललेला आहे, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मात्र त्याच लीडमधला क्यूआरएस (ती टोकदार लहर) अवघा चार चौकोन उंच आहे आणि त्याच्यामागची टी लहर जवळपास तेवढीच उंच, रुंद बुडाची. बुटक्या क्यूआरएसच्या शेजारी एवढी भरलेली टी खटकायला हवी. एव्हीएल या दुसऱ्या लीडमध्ये नेमके उलटे चित्र आहे: एसटी किंचित खाली झुकलेला आणि टी पालथी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटू लागला की लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी नियमात बसेल इतका वर येण्याआधीच विरुद्ध बाजूने पाहणाऱ्या एव्हीएलमध्ये तो खचलेला दिसू शकतो, आणि पुष्कळदा पहिली खूण तीच असते.

इंटर्नने चौकोन मोजले. शेजारच्या दोन लीडमध्ये किमान एक मिलिमीटर उचल हवी, छातीवरच्या व्ही २ आणि व्ही ३ मध्ये चाळिशीपुढील पुरुषाला दोन हवी, हे आकडे तिला पाठ होते. ते बसत नव्हते. तिने केस पेपरवर लिहिले: "ईसीजी: विशेष बदल नाही." मोजणीपुरते तिचे उत्तर चुकीचे नव्हते. पण ते आकडे तातडीचे उपचार केव्हा द्यायचे हे ठरवण्यासाठी आहेत. त्यांच्या खाली राहिलेली पट्टी निर्दोष असते असे ते कुठेही म्हणत नाहीत.

त्या क्षणी समोर असलेले पर्याय

वेळ ५ वाजून ८ मिनिटे. पहिला पर्याय, वरच्या मजल्यावरील निवासी डॉक्टरला बोलावणे. दुसरा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी काढणे. तिसरा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी) पाठवणे. चौथा, जुन्या ईसीजीशी तुलना करणे. पाचवा, पित्त समजून इंजेक्शन देऊन पाहत राहणे.

तिने पाचवा आणि तिसरा पर्याय घेतला. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल दिले, ट्रोपोनिनसाठी रक्त काढले. ट्रोपोनिनचा अहवाल ५ वाजून ४० मिनिटांनी नकारात्मक आला आणि तिच्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. वास्तविक वेदना सुरू होऊन पावणेतीन तासही होण्याआधी काढलेल्या रक्तात नेहमीची ट्रोपोनिन चाचणी नकारात्मक येणे मुळीच नवलाचे नाही; हृदयाच्या स्नायूतले हे प्रथिन रक्तात मोजता येण्याइतके चढायला काही तास लागतात. नकारात्मक अहवालाने येथे माहितीत भर पडली नाही, फक्त धीर वाढला.

निवासी डॉक्टरला का बोलावले नाही, हा प्रश्न छाननीत सर्वांत जास्त वेळ चालला. त्याचे उत्तर त्याच रात्री दीड वाजता घडलेल्या एका छोट्या प्रसंगात होते. थंडीने कुडकुडणाऱ्या एका वृद्धाच्या पट्टीवरची थरथर तिला व्हीटी (हृदयाचा धोकादायक वेगवान ताल) वाटली, तिने निवासी डॉक्टरला धावत खाली यायला लावले, आणि तो पट्टी पाहून सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, पेशंटला ब्लँकेट द्या, शॉक नको." सगळे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, रात्रपाळीत अशी थट्टा चालतेच. पण साडेतीन तासांनी, अर्ध्या चौकोनाच्या शंकेसाठी, ती पुन्हा फोन उचलणार नव्हती.

चौथ्या पर्यायाचा तर कुणी विचारच केला नाही. मुलाच्या मांडीवर पूर्ण वेळ एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यात दोन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची फाईल होती. शस्त्रक्रियेआधी काढलेला कार्डिओग्राम त्या फायलीत होता, थर्मल कागदावरचा, फिकट झालेला, तरी वाचता येण्याजोगा. त्यात एव्हीएलमधली टी सरळ आहे.

दुसरी पट्टी

५ वाजून ५० मिनिटांनी सिस्टर खाटेपाशी गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, यांचा घाम थांबेना. चादर दुसऱ्यांदा बदलली मी. अजून एक कार्डिओग्राम काढून ठेवू का?" वीस वर्षे अपघात विभागात काढलेल्या सिस्टरना एसटी खंड मोजता येत नसेल, पण पित्ताने दोन चादरी भिजत नाहीत एवढे त्यांना ठाऊक होते. इंटर्नने लगेच होकार दिला. तिच्या बाजूने हे नोंदवायला हवे, कारण पहिल्या उत्तराला चिकटून राहणारे डॉक्टर मी याहून ज्येष्ठ पदांवर पाहिले आहेत.

दुसऱ्या पट्टीला वाचनकौशल्याची गरज नव्हती. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी दोन ते तीन मिलिमीटर वर, लीड ३ मधली उचल लीड २ हून जास्त, लीड १ आणि एव्हीएलमध्ये ठळक खचण. खालच्या भिंतीचा झटका, आणि बहुधा उजवी रक्तवाहिनी बंद. निवासी डॉक्टर ६ वाजता खाली आला.

इथे एक अपघात थोडक्यात टळला. झटका म्हटला की जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) हा अपघात विभागाचा हातचा रिवाज आहे आणि गोळी ट्रेमध्ये आलीही होती. निवासी डॉक्टरने ती थांबवली. उजवी रक्तवाहिनी बंद असताना उजवा जवनिकाकक्षही (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) निकामी होऊ लागला असेल, तर त्याचा सारा भार शिरांतून येणाऱ्या रक्तावर असतो आणि शिरा सैल करणारे औषध दिल्याने रक्तदाब कोसळू शकतो. त्याने व्ही ४ चा बल्ब उचलून छातीच्या उजव्या बाजूला, त्याच बरगडीच्या फटीत लावला आणि पट्टी काढली. यंत्र बिचारे तिच्यावर "व्ही ४" असेच छापते. म्हणून त्याने पेनने त्यापुढे "आर" (राइट, म्हणजे उजवी बाजू) लिहिले आणि वेळ टाकली. उचल एक मिलिमीटर होती. रक्तदाब तोवर ९६/६० झाला होता. गोळी परत ट्रेमध्ये गेली आणि सलाईन सुरू झाले.

उपचाराचा निर्णय

आता दोन मार्ग होते. रुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी दुसरीकडे हलवणे, किंवा गुठळी विरघळवणारे औषध येथेच देणे. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्याची खात्री असेल तर ती श्रेयस्कर, हे निर्विवाद आहे. रुग्णालयात रात्री कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीचा कक्ष) चालत नव्हती. दोन केंद्रांना फोन केले. एका ठिकाणी टेबलावर दुसरा रुग्ण होता. दुसऱ्या ठिकाणचे पथक घरून यायचे होते. रुग्णवाहिका, कागदपत्रे आणि पथकाची जुळवाजुळव धरता दोन तासांत रक्तवाहिनीत अँजिओप्लास्टीचा फुगा फुगेल असे कुणीही छातीठोकपणे सांगेना. पैशाचा अडसर नव्हता, कारण महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो. अडसर वेळेचा होता.

पक्षाघाताचा इतिहास नाही, अलीकडची शस्त्रक्रिया नाही, रक्तस्राव नाही, हे विचारून घेतले. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो हे मुलाला साध्या शब्दांत सांगितले, तो क्षणभर गप्प राहून म्हणाला, "तुमास्नी जे बरं वाटतंय ते करा, पर लवकर करा." अॅस्पिरिन चघळायला दिली होतीच, क्लोपिडोग्रेल दिले, आणि ६४ किलो वजनाला ३५ मिलिग्रॅम या हिशोबाने टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन ६ वाजून २५ मिनिटांनी शिरेतून गेले. रुग्ण दारात आल्यापासून ९५ मिनिटांनी. दुसऱ्या पट्टीपासून मोजले तर ३० मिनिटांनी. कोणता आकडा कागदावर लिहायचा यावर नंतर विभागात कुजबुज झाली. मी ९५ लिहिला.

परिणाम

७ वाजून १० मिनिटांनी मॉनिटरवर अचानक रुंद ठोके दिसू लागले, गती ८० च्या आसपास, आणि इंटर्नने शॉक देण्याच्या यंत्राकडे हात नेला. निवासी डॉक्टरने या वेळी थट्टा केली नाही. रक्तवाहिनी उघडताना असा संथ, रुंद ताल येतो, रक्तदाब टिकून असेल तर तो पाहत राहायचा असतो, हे त्याने मॉनिटरवर बोट ठेवून समजावले. दोन मिनिटांत ताल पूर्ववत झाला. साडेसात वाजताच्या पट्टीत लीड ३ मधली उचल निम्म्याहून खाली आली होती आणि जळजळ थांबली होती. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत उजव्या रक्तवाहिनीत मोठे आकुंचन सापडले, स्टेंट बसवला. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) खालची भिंत थोडी आळसावलेली होती, एकूण पंप करण्याची क्षमता ५० टक्के. पाचव्या दिवशी रुग्ण घरी गेला.

तो वाचला, म्हणून हे प्रकरण शांतपणे लिहिता येते. पहिल्या पट्टीनंतर त्याला गोळ्या देऊन घरी पाठवले असते तर ते कसे लिहावे लागले असते, ते सांगण्याची गरज नाही.

चूक कुठे झाली

विभागप्रमुखांचा पहिला कल इंटर्नला लेखी समज देण्याकडे होता. मी विरोध केला, आणि त्यासाठी केवळ सहानुभूती पुरली नसती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या एका संशोधनात ईसीजी वाचनाच्या चाचण्यांतील अचूकतेचा मध्यक विद्यार्थ्यांसाठी ४२ टक्के, निवासी डॉक्टरांसाठी सुमारे ५६, व्यवसायात असलेल्या डॉक्टरांसाठी सुमारे ६८.५ आणि हृदयरोगतज्ज्ञांसाठी सुमारे ७५ टक्के आढळला होता. हे आकडे परीक्षेसारख्या वातावरणातले आहेत, पहाटे पाचचे नाहीत. अशा स्थितीत एका मुलीला समज देऊन आम्ही नेमके काय दुरुस्त करणार होतो?

त्याऐवजी त्या तुकडीतील सर्व इंटर्नना एका दुपारी बसवून पट्ट्या वाचायला दिल्या. यंत्राची छापील ओळ कापून टाकली आणि निदानाऐवजी आधी "काय दिसते" ते लिहायला सांगितले. ठळक झटका सर्वांनी ओळखला. गती जवळपास सर्वांनी बरोबर काढली. उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरी अदलाबदल झालेली पट्टी, जिच्यात लीड १ पूर्ण पालथे आणि एव्हीआर सरळ दिसते, ती बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या रोगाच्या नावाने खपवली; वायर चुकली असेल हे फार थोड्यांना सुचले. मागच्या भिंतीच्या झटक्यात व्ही १ ते व्ही ३ मध्ये एसटी खाली जातो आणि आर उंच होतो, तेथे बहुतेकांनी "रक्तपुरवठा कमी" एवढेच लिहिले आणि पाठीवर व्ही ७ ते व्ही ९ लावून पाहावे असे क्वचितच कुणी सुचवले.

सर्वांत बोलके ठरले ते आमच्या प्रकरणातल्या पहिल्या पट्टीचे वाचन. ती मुद्दाम दोनदा दिली होती, एकदा नुसती आणि तासाभराने यंत्राच्या ओळीसह. नुसत्या पट्टीवर ज्यांनी एव्हीएलमधली पालथी टी टिपली होती, त्यांच्यातल्याही काहींनी ओळ छापलेली पाहिल्यावर ती सोडून दिली. डोळ्यांना दिसलेले छापील अक्षराने पुसले. त्यांना वाचता येत नव्हते असे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. वाचलेल्यावर उभे राहण्याची सवय त्यांना कुणी लावली नव्हती. साडेचार वर्षांत त्यांनी शेकडो पट्ट्या पाहिल्या होत्या, त्याही बहुतेक प्रोजेक्टरवर, आणि हातात पेन्सिल घेऊन, शिक्षकासमोर, चुकण्याची मुभा असताना वाचलेल्या पट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. याची जबाबदारी शिकवणाऱ्यांवर येते आणि त्यात मी आहे.

काय बदलले, काय बिघडले

तीन गोष्टी केल्या. वेदना चालू असलेल्या रुग्णाची पट्टी पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढण्याचा अधिकार सिस्टरना दिला, डॉक्टरला न विचारता. केस पेपरवर "नॉर्मल" हा शब्द बंद करून गती, ताल, एसटी कुठे वर वा खाली, जुन्या पट्टीशी तुलना, असे चार रकाने असलेला शिक्का केला. आणि दर गुरुवारी दुपारी आदल्या आठवड्यातल्या पट्ट्यांचे वाचन सुरू केले, ज्यात निवासी डॉक्टरांनी स्वतःची एक चुकलेली पट्टी आणायची असते. कुडकुडणाऱ्या वृद्धावरून थट्टा करणाऱ्या निवासी डॉक्टरनेच पहिल्या गुरुवारी स्वतःची चूक मांडली. त्यामुळे खोलीतला अवघडलेपणा बराच कमी झाला.

याचा उलट परिणामही झाला आणि तो मी आधी ओळखायला हवा होता. दोनच आठवड्यांत तालमीतला एक २३ वर्षांचा पैलवान सरावात बरगडीला लागले म्हणून आला. त्याच्या छातीवरच्या लीडमध्ये एसटी दोन-अडीच चौकोन वर होता, खळगीसारखा खोलगट, टी उंच, कुठेही उलट खचण नाही. धडधाकट तरुणांत हे सर्रास आढळते. नव्याने सावध झालेल्या इंटर्नने झटका म्हणून अख्खा विभाग गोळा केला आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची कुपी कपाटातून निघाली. वीस मिनिटांनी पुन्हा काढलेली पट्टी पहिलीशी तंतोतंत जुळली, वेदना बोटाने दाखवता येत होती आणि दाबले की वाढत होती. कुपी परत ठेवली गेली. चाळिशीच्या आतल्या पुरुषाला व्ही २ आणि व्ही ३ मध्ये अडीच मिलिमीटरची मर्यादा का ठेवली आहे, हे त्या दिवशी व्याख्यानाविना कळले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या पट्टीवर झटक्याचे निदान करून इंजेक्शन द्यावे, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ते मी स्वतःही केले नसते. ५ वाजून ८ मिनिटांनी अपेक्षित होते ते इतकेच, की घाम, मंद नाडी आणि खटकणारी एव्हीएल या तीन गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि ५ वाजून २० मिनिटांनी पुन्हा पट्टी काढावी. झटका तेवढ्या वेळात ठळक झाला असता की नाही हे सांगता येत नाही. झाला असता तर साधारण अर्धा तास वाचला असता. पिशवीतला जुना कार्डिओग्राम मागण्याला एक मिनिट लागले असते. निवासी डॉक्टरची दीड वाजताची थट्टा नसती तर कदाचित फोन झाला असता. हे सिद्ध करता येत नाही, पण छाननीला बसलेल्यांपैकी कुणाला त्याबद्दल शंका नव्हती.

रात्री कॅथ लॅबचा प्रश्न आहे तिथेच आहे. गुरुवारचे वाचन परीक्षांच्या काळात दोनदा बुडाले. शिक्क्यातला जुन्या पट्टीशी तुलनेचा रकाना अजूनही सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो, कारण थर्मल कागद पुसट होतो आणि रुग्ण तो टाकून देतात. तासगावचे आप्पा मार्चमध्ये तपासणीला आले तेव्हा मुलाच्या हातात नवी पिशवी होती. चारही पट्ट्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या त्याने, आणि पेनने लिहिलेले "आर" एका झेरॉक्सवर उमटले नव्हते म्हणून ते मी पुन्हा लिहून दिले.